काळे चित्रपट आणि त्यांतील न दिसणारी माणसे

दुसरे महायुद्ध संपल्यावर, जर्मन अंमलाच्या काळात फ्रान्समध्ये येऊ न शकलेले अमेरिकन चित्रपट १९४६ साली एकामागून एक पॅरिसच्या पडद्यावर आले. त्यांतील काही गुन्हेपट पाहून नीनो फ्रांक या समीक्षकाने त्यांना 'फिल्म न्वार', म्हणजे 'काळा चित्रपट', असे नाव दिले. १९५५ साली रेमों बोर्द आणि एत्येन शोमतों या दोघांनी या चित्रपटांवर एक ग्रंथच लिहिला आणि ते नाव रूढ झाले. पावसाने भिजलेले रात्रीचे रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर पडणाऱ्या आडव्या सावल्या, कपाळावर ओढलेली टोपी, मोहात पाडणारी स्त्री आणि मोहात पडणारा पुरुष: हे सारे आमच्या वाचकांना 'बाजी' (१९५१) किंवा 'सी.आय.डी.' (१९५६) या मुंबईच्या चित्रपटांतूनही थोडेफार परिचयाचे आहे.

येथे 'काळा' हा शब्द प्रकाशाविषयी आणि मनाच्या अवस्थेविषयी वापरलेला आहे. पण ज्या देशात हे चित्रपट निघाले, तेथे कातडीच्या काळेपणावरून लक्षावधी माणसांना वेगळ्या डब्यात बसावे लागे, वेगळ्या नळावर पाणी प्यावे लागे. ती माणसे या काळ्या चित्रपटांत कोठे आहेत, हा प्रश्न समीक्षेने फार उशिरा, १९९० नंतरच्या दशकात, गंभीरपणे विचारला. एरिक लॉट या अभ्यासकाचा या विषयावरील बहुचर्चित निबंध १९९७ सालचा आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की गोऱ्या माणसाच्या पापाचे चित्र रंगवण्यासाठी या चित्रपटांनी काळेपणा उसना घेतला आणि काळ्या माणसांना मात्र चौकटीच्या कडेला उभे केले.

हे म्हणणे आम्हांस बहुतांशी मान्य आहे. तथापि अशा चर्चेत हल्ली डोकी मोजण्याची जी पद्धत पडली आहे, ती आम्हांस अपुरी वाटते. चित्रपटात कृष्णवर्णीय किती, मेक्सिकन किती, चिनी किती, एवढे मोजून फारसे हाती लागत नाही. गर्दीच्या दृश्यात शंभर चेहरे असतील आणि त्यांतील एकही माणूस नसेल. आमची कसोटी निराळी आणि साधी आहे. नायकाचे काम आटोपल्यावर कॅमेरा त्या दुसऱ्या माणसापाशी क्षणभर तरी थांबतो काय? तो माणूस त्या दृश्यानंतर कोठे गेला, हे विचारण्याची इच्छा दिग्दर्शकाला होते काय?

बिली वायल्डर यांचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) या कसोटीवर घासून पाहू. हा या प्रकारातील सर्वांत नावाजलेला चित्रपट. विमा कंपनीचा विक्रेता वॉल्टर नेफ हा डिट्रिक्सन नावाच्या ग्राहकाच्या पत्नीच्या नादी लागतो आणि विम्याच्या रकमेसाठी त्या ग्राहकाचा खून करतो. संपूर्ण कथा म्हणजे जखमी नेफने रात्री रिकाम्या कचेरीत ध्वनिमुद्रण यंत्रापुढे केलेले पापनिवेदन आहे. असे पापनिवेदन आम्ही अन्य कोणत्याही चित्रपटात इतके नेमके पाहिलेले नाही. त्यात सबबी आहेत, फुशारकी आहे, आणि मधूनच खरा पश्चात्तापही डोकावून जातो.

खुनाच्या रात्री नेफ आपल्या इमारतीच्या तळघरातील गॅरेजमध्ये उतरतो. तेथे चार्ली नावाचा कृष्णवर्णीय कामगार मोटारी धूत असतो. आज आपण घरीच आहोत, तेव्हा आपलीही गाडी धुवावी, असे नेफ त्याला सांगतो. खून करून आल्यावर नेफ पुन्हा त्याच्या नजरेस पडतो आणि दोन शब्द बोलून बाहेर पडतो. उद्या पोलिसांनी विचारले, तर नेफ साहेब रात्रभर घरीच होते असे चार्ली प्रामाणिकपणे सांगेल, हा त्यामागील डाव. वाचकांनी येथे जरा थांबावे. एका गरीब माणसाची सचोटी हेच येथे खोट्याचे भांडवल झाले आहे. नेफने विमा कंपनीला फसवले, एका स्त्रीला गोळी घातली, आपल्या वडीलधाऱ्या मित्राचा विश्वासघात केला. या साऱ्यांचा हिशेब चित्रपट चोख देतो. चार्लीच्या नावे मात्र त्या हिशेबात ओळच नाही. नेफच्या पापनिवेदनात ते पाप म्हणून येत नाही, आणि वायल्डर यांच्या कॅमेऱ्यालाही त्याची आठवण होत नाही. श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या दाखल्यात त्या श्रीमंताने लाजराला मारहाण केली असे कोठेही नाही. लाजर दारात पडून होता, एवढेच.

चार्लीचे काम करणारे नट सॅम मॅकडॅनियल होते. त्यांच्या भगिनी हॅटी मॅकडॅनियल यांना 'गॉन विथ द विंड'मधील दाईच्या भूमिकेसाठी १९४० साली ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत होत. त्या रात्री समारंभात त्यांना बाकीच्या मंडळींपासून दूर, वेगळ्या मेजावर बसवण्यात आले होते.

यात एक विसंगती आहे. हे चित्रपट घडवणारे कितीतरी लोक स्वतःच हाकलले गेलेले होते. वायल्डर १९३३ साली बर्लिन सोडून पळाले. त्यांची आई पुढे नात्झींच्या हत्याकांडात बळी पडली. रॉबर्ट सिऑडमाक, फ्रिट्झ लँग, एडगर उल्मर हे सारे युरोपातून आलेले. परक्या शहरात रात्री एकटे चालणाऱ्या माणसाच्या मनाची धास्ती त्यांना शिकवावी लागली नाही. आणि तरीही त्यांच्याच चित्रपटांत ज्यू माणूस ज्यू म्हणून फार क्वचित दिसतो. आपली जखम त्यांनी प्रकाशयोजनेत लपवली, असे म्हणावेसे वाटते.

त्यांना मोकळीक नव्हती, हेही खरे. आणि येथे आम्हां कॅथलिकांना एक विषय टाळून चालणार नाही. हॉलिवूडने १९३० साली जी निर्मितीसंहिता स्वीकारली, ती मार्टिन क्विग्ली या कॅथलिक प्रापंचिकाच्या पुढाकाराने आणि फादर डॅनियल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंच्या लेखणीतून उतरली होती. १९३४ पासून तिची कडक अंमलबजावणी करणारे जोसेफ ब्रीन हेही कॅथलिकच. त्याच सुमारास 'लीजन ऑफ डीसन्सी' ही चळवळ उभी राहिली आणि अमेरिकेतील कॅथलिक कुटुंबांनी अनिष्ट चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा घेतली. पोप अकरावे पायस यांनी १९३६ सालच्या 'विजिलांती कूरा' या परिपत्रकात या चळवळीची प्रशंसा केली. थोडक्यात, ज्या काळाबद्दल आपण बोलत आहोत त्या काळात पडद्यावर काय दिसावे यावर आपल्या ख्रिस्तसभेचा हात होता.

संहितेचे आम्ही सरसकट निंदक नाही. गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे या तिच्या आग्रहामुळे गुन्हेपट केवळ चोर-पोलिसांचा खेळ न राहता अपराधी मनाचा शोध झाला, असे आमचे मत आहे. नेफचे पापनिवेदन त्याचेच फळ. पण त्याच कागदावर दुसऱ्याही ओळी होत्या. धर्मगुरूंना धर्मगुरू म्हणून विनोदी पात्र अथवा खलनायक दाखवू नये, असे एक कलम होते. आणि गोऱ्या व काळ्या वंशांच्या स्त्री-पुरुषांमधील संबंध दाखवण्यास मनाई करणारेही एक कलम होते. ही दुसरी ओळ चित्रपट व्यावसायिकांनी १९२७ साली केलेल्या निषिद्ध विषयांच्या यादीत आधीपासूनच होती; तेव्हा ती एकट्या फादर लॉर्ड यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु पापांची इतकी बारीक यादी तपासणाऱ्यांच्या डोळ्यांना ती खुपली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या झग्याला पडद्यावर संरक्षण मिळाले. चार्लीच्या हातातील पाण्याच्या नळीला मिळाले नाही. त्या काळी कोणाला हे सुचतच नव्हते, असे म्हणून सुटताही येत नाही. त्याच १९३४ साली, त्याच येशूसंघाचे फादर जॉन लाफार्ज यांनी न्यूयॉर्कमध्ये वंशावंशांतील न्यायासाठी कॅथलिक मंडळ स्थापन केले होते. त्यांना जे दिसले ते ब्रीन यांच्या कचेरीला दिसले नाही. वंशसंबंधांची ती मनाई १९५६ सालच्या दुरुस्तीत गेली आणि संपूर्ण संहिता १९६८ साली मोडीत निघाली.

या चौकटीतही काही दिग्दर्शकांनी वाट काढली. जाक टूर्नर यांच्या 'आउट ऑफ द पास्ट' (१९४७) मध्ये एक छोटे दृश्य आहे. पळून गेलेल्या केथीचा माग काढत गुप्तहेर जेफ तिच्या मोलकरणीला भेटण्यासाठी हार्लेममधील एका नाचघरात जातो. तेथे सगळे कृष्णवर्णीय आणि हा एकटाच गोरा. युनिस ही मोलकरीण आपल्या मित्रासमवेत, उत्तम पोशाखात बसलेली आहे. ती घाबरत नाही, लाळघोटेपणा करत नाही, डोळे गरगर फिरवत नाही. बाईसाहेब फ्लोरिडाला गेल्या, असे ती शांतपणे खोटे सांगते. जेफही सभ्यपणे ऐकून घेतो. मात्र केथीने लस टोचून घेतली होती हे तिच्याच बोलण्यातून निसटते आणि फ्लोरिडाला जायला लस लागत नाही, मेक्सिकोला लागते, हे तो ओळखतो. दोन सावध माणसांचा हा बरोबरीचा डाव आहे. थेरेसा हॅरिस यांनी हे काम इतके नेटके केले आहे, की युनिसची संध्याकाळ जेफच्या येण्याआधीही चालू होती आणि नंतरही चालू राहील असे वाटते. त्यांचे नाव मात्र श्रेयनामावलीत नाही.

याच चित्रपटात जेफच्या पेट्रोल पंपावर काम करणारा एक मूकबधिर मुलगा आहे. शेवटी जेफच्या मृत्यूनंतर त्याची प्रेयसी या मुलाला विचारते, की तो खरेच दुसऱ्या बाईबरोबर पळून चालला होता काय. मुलगा होकारार्थी मान हलवतो. ते खोटे असते, पण त्या खोट्याने ती मुलगी मोकळी होते. नंतर तो पंपावरील जेफच्या नावाच्या पाटीकडे पाहून हात उंचावतो आणि चित्रपट संपतो. एका निष्ठेने खोटे बोलणाऱ्या युनिसला कॅमेऱ्याने दोन मिनिटांत सोडले; तशाच निष्ठेने खोटे सांगणाऱ्या या मुलाला शेवटची चौकट दिली. दिव्यांग माणसाला इतका मान देणारा चित्रपट त्या काळी विरळा. युनिसच्या वाट्याला तो का येऊ नये, हे मात्र आम्ही अनेकदा स्वतःशी म्हटले आहे.

एडवर्ड डमिट्रिक यांचा 'क्रॉसफायर' (१९४७) आमच्या वाचकांनी आवर्जून पाहावा असा आहे. सॅम्युएल्स नावाच्या एका ज्यू गृहस्थाचा, केवळ तो ज्यू आहे म्हणून, एक सैनिक खून करतो. हा खुनी माँटगोमेरी रॉबर्ट रायन यांनी अशा काही थंडपणे उभा केला आहे, की तो शेजारच्या बाकावर बसला आहे असे वाटावे. तपास करणारे पोलीस कप्तान फिन्ले खुन्याला पकडण्यासाठी एका भोळ्या, खेड्यातील सैनिकाची मदत मागतात. त्या मुलाला ज्यूंशी काही देणेघेणे नसते. तेव्हा फिन्ले त्याला आपल्या आजोबांची गोष्ट सांगतात. आयर्लंडमधून आलेले ते आजोबा १८४८ साली फिलाडेल्फियात मारले गेले. कारण काय, तर ते आयरिश होते आणि कॅथलिक होते. आज ज्यू, काल कॅथलिक, उद्या आणखी कोणी. द्वेषाला माणूस कोणता हे महत्त्वाचे नसते, असा त्या बोलण्याचा मथितार्थ.

फिन्ले यांचे आजोबा काल्पनिक आहेत. पण त्याच फिलाडेल्फियात १८४४ साली परदेशांतून आलेल्यांचा द्वेष करणाऱ्या जमावांनी संत मायकल आणि संत ऑगस्टीन ही दोन कॅथलिक मंदिरे जाळून टाकली, हा इतिहास आहे. आपल्या पूर्वजांच्या छळाची आठवण दुसऱ्याच्या छळाकडे पाहण्याचे भिंग म्हणून वापरावी, ही कल्पना आम्हांस अत्यंत मोलाची वाटते. छळाची आठवण बहुधा माणसे आपल्याच कुंपणासाठी वापरतात.

असे असूनही 'क्रॉसफायर'च्या पोटात एक मोकळी जागा आहे. तो रिचर्ड ब्रुक्स यांच्या १९४५ सालच्या ज्या कादंबरीवर आधारला आहे, तीत मारला जाणारा गृहस्थ ज्यू नसून समलिंगी असतो. संहितेने तो विषय निषिद्ध ठरवला होता. म्हणून पडद्यावर बळी बदलला. समलिंगी वर्तनाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांस ठाऊक आहे. ती येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु अशा माणसाचा कोणी द्वेषापोटी खून केला, तर तो खून नव्हे काय? द्वेषाविरुद्धचा चित्रपट काढण्यासाठी द्वेषाचा एक बळी आधी नाहीसा करावा लागला. शिवाय सॅम्युएल्स यांना आपण फार थोडे भेटतो. त्यांच्या ज्यूपणाचा अर्थ आपल्याला एक कॅथलिक अधिकारीच समजावून देतो. त्यांनी स्वतः काही सांगितले असते, तर तो चित्रपट अधिक धीट झाला असता. निर्माते एड्रियन स्कॉट आणि डमिट्रिक या दोघांनाही पुढे कम्युनिस्ट असल्याच्या चौकशीत उत्तरे नाकारल्याबद्दल १९५० साली तुरुंगवास भोगावा लागला, हेही नोंदवले पाहिजे.

जोसेफ मॅन्किविझ यांच्या 'नो वे आउट' (१९५०) मध्ये एक कृष्णवर्णीय डॉक्टर कथेच्या मध्यभागी आला. तेवीस वर्षांचे सिडनी पॉयटिए यांचे हे पडद्यावरील पहिले मोठे काम. त्यांनी उपचार केलेला एक गोरा गुन्हेगार मरतो. त्याचा भाऊ डॉक्टरांवर खुनाचा आळ घेतो. शवविच्छेदनास परवानगी मिळेना, तेव्हा डॉक्टर स्वतःच खुनाची कबुली देऊन ते करावयास भाग पाडतात. येथे कॅमेरा डॉक्टरांच्या घरात शिरतो; थकलेली पत्नी, आई, भाऊ, बहीण यांच्यात बसतो. एवढ्याचसाठीही तो पाहण्याजोगा आहे. आमचा आक्षेप इतकाच, की या डॉक्टरांना क्षणभरही चुकण्याची मुभा नाही. गोऱ्या नेफला पापी असण्याचा अधिकार आहे. काळ्या ल्यूथरला संत असणे सक्तीचे आहे. प्रवचन म्हणून हे ठीक, पण ज्याला मोहच होत नाही अशा पात्राच्या कथेत जीव कसा गुंतावा?

त्याच वर्षी मायकल कर्टिझ यांचा 'द ब्रेकिंग पॉइंट' आला. आमच्या मते या विषयावर त्या काळातील हा सर्वांत मोठा चित्रपट, जरी त्याने वंशभेदाचा विषय म्हणून एकही भाषण केलेले नाही. हेमिंग्वे यांच्या कादंबरीवरून घेतलेल्या या कथेत हॅरी मॉर्गन हा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा एक कर्जबाजारी नावाडी आहे. जॉन गारफील्ड यांनी तो केला आहे. वेस्ली पार्क हा कृष्णवर्णीय गृहस्थ त्याचा नावेवरील जोडीदार. प्वेर्तो रिकोचे हुआनो हर्नांडेझ यांनी तो साकारला आहे. दोघांमध्ये रंगाचा उल्लेखही होत नाही. आपल्या वसई-अर्नाळ्याकडील वाचकांना ही मैत्री चटकन कळेल. समुद्रावर ज्याच्या हाती दुसरा दोर असतो, त्याची जात विचारण्यास सवड नसते. (किनाऱ्यावर आल्यावर विचारली जाते, हे खरे.)

हॅरी पैशांपायी दरोडेखोरांना पळवून नेण्याचे काम पत्करतो. वेस्ली काही कल्पना नसताना नावेवर येतो आणि ते त्याला गोळी घालून समुद्रात टाकून देतात. पुढे हॅरी त्यांच्याशी झुंजतो, जबर जखमी होऊन परततो. धक्क्यावर गर्दी जमते, पत्नी येते, हात कापावा लागेल असे डॉक्टर सांगतात, ती त्याला धीर देते, रुग्णवाहिका निघून जाते. येथे कोणताही दुसरा चित्रपट संपला असता. वेस्लीचा लहान मुलगा त्या गर्दीत बापाला शोधत उभा आहे. त्याला कोणी काही सांगत नाही. एकेक जण निघून जातो. कॅमेरा उंचावरून पाहत राहतो. रिकाम्या धक्क्यावर तेवढे एक पोर उरते. ना संगीताचा उमाळा, ना जवळून दाखवलेला चेहरा. हॅरीच्या पापाची किंमत कोणी मोजली, हे त्या एका चौकटीत सांगून टाकले आहे. 'डबल इन्डेम्निटी'च्या हिशेबात जी ओळ नव्हती ती ही.

पण याच चित्रपटाचा एक काणाडोळाही सांगितला पाहिजे. मध्यंतरी हॅरी मेक्सिकोतून काही चिनी मजुरांना चोरून आणण्याचे कबूल करतो. व्यवहार फिसकटतो, दलाल मारला जातो आणि त्या मजुरांना पुन्हा किनाऱ्यावर उतरवून दिले जाते. पैसे भरून फसलेली ती माणसे अंधारात कोठे गेली, हे कर्टिझही विचारत नाहीत. एकाला पाहायला शिकलेला डोळा दुसऱ्याला पाहीलच असे नाही.

'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) विषयी फार लिहिले गेले आहे, म्हणून आम्ही थोडक्यात आटोपतो. ऑर्सन वेल्स यांनी मूळ कादंबरीतील नवरा-बायकोचे वंश उलटे केले. गोऱ्या नायकाच्या जागी वार्गास हा मेक्सिकन अधिकारी आणला आणि पत्नी अमेरिकन केली. विचार धीट होता. पण वार्गास केला तो चार्लटन हेस्टन यांनी, तोंडाला तपकिरी रंग फासून. खोटा पुरावा पेरून गरिबाला अडकवणाऱ्या गोऱ्या पोलिसाचे त्यातील चित्र मात्र अस्सल आहे. आयझॅक वुडर्ड या कृष्णवर्णीय सैनिकाला १९४६ साली दक्षिणेतील पोलिसांनी मारून आंधळे केले, तेव्हा वेल्स यांनी रेडिओवरून ते प्रकरण लावून धरले होते; तो राग या चित्रपटात उतरला आहे असे आम्हांस वाटते.

तोंडाला रंग फासण्यावरून आठवले. त्याच १९५८ साली आपल्याकडे 'हावडा ब्रिज' आला. त्यात क्लबात नाचणारी नायिका एडना, आणि चिनी खलनायक चँग म्हणून मदन पुरी. नाचणारी मुलगी म्हणजे एडना किंवा लिली, हाती ग्लास घेतलेला म्हातारा म्हणजे अंकल, ही सवय हिंदी पडद्याला किती वर्षे होती ते आमच्या वाचकांना सांगावयास नको. आपल्या घरातील मुलींची नावे तेथे ऐकून ज्यांना संकोच वाटला आहे, त्यांना चार्लीविषयी वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

सॅम्युएल फुलर यांचा 'द क्रिमझन किमोनो' (१९५९) लॉस एंजेलिसमधील जपानी वस्तीत घडतो. जपानी वंशाचा पोलीस अधिकारी जो आणि त्याचा गोरा मित्र एकाच मुलीवर प्रेम करतात, आणि ती जोला निवडते. १९४२ नंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना ज्या देशाने छावण्यांत डांबले, तेथे सतरा वर्षांनी हे दाखवणे लहान गोष्ट नव्हती. कथा कच्ची आहे. जेम्स शिगेटा यांचे काम पक्के आहे.

उरला रॉबर्ट वाइझ यांचा 'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो' (१९५९). गायक हॅरी बेलाफोंटे यांनी तो स्वतःच्या कंपनीतर्फे काढला आणि पटकथा लिहवून घेतली ती काळ्या यादीत टाकलेल्या एब्रहॅम पोलोन्स्की यांच्याकडून. पडद्यावर नाव लागले ते जॉन किलेन्स या कृष्णवर्णीय कादंबरीकाराचे. पोलोन्स्की यांना त्यांचे श्रेय १९९६ साली परत मिळाले. एका लहान गावातील बँक लुटण्याचा बेत आखला जातो. त्या बँकेत संध्याकाळी एक कृष्णवर्णीय नोकर खाद्यपदार्थ घेऊन येतो आणि पहारेकरी दार उघडतो. त्याच्या जागी कर्जात बुडालेला गायक जॉनी इन्ग्रॅम उभा राहिला, तर पहारेकऱ्याला फरक कळणार नाही. कारण तो चेहरा पाहतच नाही, हातातील खोका आणि कातडीचा रंग पाहतो. नेफने चार्लीच्या नजरेचा उपयोग केला होता. येथे चार्लीकडे कोणी पाहत नाही याचाच उपयोग करावयाचा आहे. पंधरा वर्षांत काळ्या चित्रपटाला एवढी समज आली. आणि जॉनी हा संत नाही. तो जुगारी आहे, रागीट आहे, घटस्फोटित पत्नीने गोऱ्यांबरोबर शाळेच्या समितीत बसावे हे त्याला खपत नाही, मुलीवर मात्र जीव टाकतो.

त्याचा साथीदार स्लेटर काळ्यांचा द्वेष्टा आहे. हेही रॉबर्ट रायन यांनीच केले आहे. प्रत्यक्ष जीवनात हा नट समान हक्कांचा खंदा कैवारी होता. मोटारीची किल्ली जॉनीच्या हाती देण्यास स्लेटर ऐन वेळी नकार देतो. ती तिसऱ्याकडे राहते, तो पोलिसांच्या गोळ्यांनी रस्त्यात कोसळतो आणि सुटकेची वाट बंद होते. केवळ अविश्वासापायी बेत फसतो. मग हे दोघे पोलिसांना विसरून एकमेकांच्याच मागे लागतात, तेलाच्या टाक्यांवर चढतात, गोळ्या झाडतात आणि स्फोट होतो. सकाळी दोन जळालेले देह पडलेले असतात. यांतला कोणता कोणाचा, हे तेथे आलेल्यांना सांगता येत नाही.

एक व्यावहारिक सूचना. धर्मग्रामातील युवक मंडळाला चित्रपट दाखवावयाचे असल्यास 'क्रॉसफायर'पासून आरंभ करावा. तो दीड तासाच्या आत संपतो. 'नो वे आउट'मध्ये वंशवाचक शिव्या पुष्कळ आहेत. मुलांना त्याची पूर्वकल्पना द्यावी. 'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो' प्रौढांसाठी ठेवावा. 'द ब्रेकिंग पॉइंट' लावाल तेव्हा दिव्याच्या बटणापाशी बसणाऱ्याला आधी सांगून ठेवावे, की रुग्णवाहिका गेली म्हणून दिवे लावू नयेत; धक्क्यावर अजून एक मुलगा उभा असतो.